पहिल्या हाकेला

अहमदपूरच्या बसस्टँडमागं प्रीतमचा टायपिंगचा क्लास होता. शॉर्टहँडच्या पोरांसाठी त्यानं स्वतःच्या आवाजात उतारे रेकॉर्ड करून ठेवले होते. पुनम पोटात असतानाच तो गेला आणि क्लास त्याच्या बायकोनं, रेणुकानं, चालवायला घेतला. घरात फोटो ढीगभर, पण आवाज तेवढा त्या जुन्या कॉम्प्युटरात, अन् तो खटारा आता घरघर करून बंद पडायला टेकला होता. लेकीला बापाचा आवाज ऐकवायचा, एवढं एकच रेणुकाच्या डोक्यात बसलं होतं.

मग तिनं काय केलं, जुन्या डिस्कची नक्कल काढली आणि नव्या लॅपटॉपच्या पोटात तिचंच व्हर्च्युअल मशीन उभं केलं. पडद्यावर हुबेहूब प्रीतमचा कॉम्प्युटर, हात लावायला मात्र काही नाही. आत उतारे होते, पण आवाज फुटेना. ते लॅपटॉपवर आणायचे तर दोघांचं नेटवर्क जुळायला हवं. बाहेरच्या जगाचा वारा नको म्हणून तिनं दोघांपुरतंच नेटवर्क केलं. दोघांना पत्ते दिले, फायरवॉलला वाट सोडायला लावली, आतलं मशीन बंद करून सेटिंग बदललं आणि पिंग मारला. पिंग म्हणजे हाकच हो, समोरचा जागा असेल तर ओ देतो.

ओ आली. रेणुकाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिचं लक्ष पडद्यावरच्या बाजूच्या खिडकीकडं गेलं. आतलं मशीन तिनं अजून चालूच केलं नव्हतं.

भर दुपार होती. दारात सासू पार्वतीबाई शेंगा फोडत बसली होती, मांडीवर पुनम. सुनेचा पडलेला चेहरा बघून तिनं विचारलं, आणि ऐकून तिचा हात थांबला. म्हातारी बिलोलीकडची, तोंडानं फटकळ. तिच्या माहेरी लेकरांना आधी हेच शिकवायचे: न दिसणाऱ्याच्या पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, तिसरीपर्यंत थांबायचं. जे माणूस नसतं ते तिसरी हाक मारत नाही, आणि पहिल्या हाकेला जो ओ देतो त्याला घेऊन जातं.

"बंद कर ते, रेणुका. गेलेल्या माणसाला हाक मारू न्हाई."

"आत्याबाई, आवाजच तर ऐकायचाय."

म्हातारीनं पुन्हा शेंग उचलली. तिला काय लेकाचा आवाज नको होता?

आतलं मशीन चालू झालं, उतारे लॅपटॉपवर आले, फोल्डर उघडलं. रेणुकानं पहिला उतारा लावला. लिहा, म्हणाला प्रीतम, तसाच, जरा नाकातला आवाज. काहीतरी खरिपाच्या पेरण्यांबद्दल, संथ चालीत. पुनम शेंगा टाकून बघत राहिली. रेणुका रडतही होती आणि हसतही. मधेच आवाज थांबला. उताऱ्यात तसा थांबा असतोच, पोरांचा हात पोचावा म्हणून.

"पुनम," तो म्हणाला.

रेणुकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे नाव बारशाला आजीनं ठेवलेलं, त्यानं ते कधी ऐकलंच नव्हतं. लेकीनं मान वळवली, तोंड उघडलं. पार्वतीबाईनं नातीच्या तोंडावर गच्च हात ठेवला आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्यानं स्वतःच ओ दिली.

"ओ. आले रे लेकरा."

उतारा पुढं सुरू झाला आणि संपला. पुनम चुळबुळायला लागली. रेणुकानं आत्याबाईंना हाक मारली, एकदा, दोनदा, तीनदा. शेवटी पोरीच्या तोंडावरचा तो हात तिलाच सोडवावा लागला. तो थंड पडला होता.