उजवा पंख

दातांच्या डॉक्टरांचा हात हलका आहे, असं त्यांचे पेशंट चारचौघांत सांगत, आणि डॉक्टरांना ते पेशंटांपेक्षाही जास्त पटलेलं होतं. समोरच्याला बोलण्यात गुंतवायचं आणि त्याला कळायच्या आत दाढ ट्रेमध्ये टाकायची, ही त्यांची खासियत. फावल्या वेळात दवाखान्यामागच्या खोलीत ते विमानं बनवत. रिमोटवर उडणारी, हलक्या बाल्सा लाकडाची. लहानसहान बरीच झाली होती. या वेळी त्यांनी मोठाच घाट घातला: दोन मोटरींचं, बॅटरीवर चालणारं मालवाहू विमान. पंख जोडले की खोलीच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत जाणार होते. आराखडा त्यांनी खऱ्या मापात छापून आणला, एका जुन्या दाराच्या फळीवर अंथरला आणि गोंदाने खराब होऊ नये म्हणून त्यावर प्लास्टिकचा कागद ताणून बसवला. आता कापायचं, जुळवायचं आणि चिकटवायचं. डॉक्टर खुशीत होते.

तेवढ्यात त्यांच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

ताईंचे यजमान, म्हणजे डॉक्टरांचे साडू, यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. एका वाहतूक कंपनीचं गोदाम सांभाळून ते नुकतेच निवृत्त झाले होते. आवाज गोदामाच्या पार टोकापर्यंत पोचेल असा आणि पंजे फावड्यासारखे. निवृत्त झाल्यापासून हा माणूस खिडकीत बसून खालून जाणारे ट्रक बघायचा आणि कुठल्यात माल वाकडा भरलाय ते ताईंना सांगायचा. बाकी बोलणं बंद. तुझ्या नवऱ्याच्या त्या विमानात ह्यांच्यासाठी काही काम निघेल का, असं ताईंनी बहिणीला विचारलं. बहिणीने नवऱ्याला न विचारताच हो म्हणून टाकलं.

डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण साडू थोरले पडले. उजवा पंख भाऊसाहेबांकडे आणि उजवी मोटरही त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. डावा पंख, शेपूट आणि बाकी सगळं डॉक्टरांकडे.

दुपारी दवाखाना बंद असायचा, तेव्हा भाऊसाहेब यायचे. पंखाच्या आत माशाच्या काट्यांसारख्या फासळ्या असतात. पातळ लाकडातून एकसारख्या कापून त्या आराखड्यावर उभ्या करायच्या. भाऊसाहेब कटर धरायचे ते कुऱ्हाड धरल्यासारखा. पहिल्या दिवशी त्यांनी एक फासळी मोडली, एक उलटी कापली आणि तिसरी इतकी कुरतडली की डॉक्टर पाणी प्यायला म्हणून उठून गेले. पण भाऊसाहेब चिकाटीचे. जीभ दातांत धरून, घाम पुसत ते कापत राहिले. ठरल्या वेळेआधीच यायला लागले. ताईंचा फोन आला, की म्हणे हल्ली जेवतात नीट, बोलतात.

एका सकाळी पेशंट यायला वेळ होता. डॉक्टरांनी सहज भाऊसाहेबांची एक फासळी आराखड्यावर ठेवून पाहिली. केसभर बाहेर जात होती. त्यांनी ती बाजूला टाकली आणि नवी कापली. त्यांना काय, काही मिनिटांचं काम. दुसऱ्या सकाळी त्यांनी आणखी काही बदलल्या. मग जुन्यांच्या शेजारी नव्या उठून दिसायला लागल्या, तेव्हा राहिलेल्याही बदलल्या. ज्या जेमतेम बऱ्या होत्या त्याही गेल्या. जुन्या फासळ्यांवर निळ्या पेन्सिलीच्या बारक्या खुणा होत्या. डॉक्टरांना त्या मोजमापाच्या वाटल्या. सगळं कचऱ्याच्या पिशवीत गेलं. भाऊसाहेब यायच्या आत त्यांनी वरून पातळ लाकडाची सालही चिकटवून टाकली, म्हणजे आतलं काही दिसायला नको.

बायको चहा घेऊन आली होती. तिने सगळं पाहिलं.

"त्यांना सांगणार आहात ना?" तिने विचारलं.

"कशाला उगाच मन दुखवायचं?" डॉक्टर म्हणाले, आणि हे आपण मोठ्या मनाने करतोय असं त्यांना खरंच वाटलं.

दुपारी भाऊसाहेबांनी पंखावरून हात फिरवला. एकदा, मग परत एकदा. कुठे उंचवटा नाही, खड्डा नाही. त्यांचा चेहरा उजळला.

"डॉक्टर, हात बसला बरं का माझा," ते म्हणाले.

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यानंतर भाऊसाहेब जुन्या कंपनीतल्या माणसांना एकेक करून पंख दाखवायला आणू लागले. डॉक्टर तेव्हा हटकून दवाखान्यात कामात असायचे. पण दार उघडं असायचं, आणि भाऊसाहेबांचा आवाज काही लहान नव्हता.

उजव्या मोटरीची तार मात्र भाऊसाहेबांनीच जोडली. जाड तारेला त्यांनी सोल्डरचा असा गोळा बसवला की डॉक्टरांच्या अंगावर काटा आला. तोही काढून परत करायचं त्यांच्या मनात होतं, पण उडवायचा दिवस ठरून गेला होता. डावीकडची तार त्यांनी सोल्डर वितळवायच्या स्वतःच्या बारीक इस्त्रीने जोडली होती. तो जोड दागिन्यासारखा चमकत होता.

रविवारी सकाळी गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर विमानवाल्यांची मंडळी जमली. ताई आल्या, डॉक्टरांची बायको आली. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनीच विमान दोन्ही हातांनी तोलून नेऊन धावपट्टीवर ठेवलं. रिमोट डॉक्टरांच्या हातात. दोन्ही मोटरींचे पंखे घुमले, विमान धावलं आणि आपसूक उचललं गेल्यासारखं वर गेलं. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेब तोंड उघडं टाकून वर बघत होते.

पहिलंच वळण घेऊन विमान चढत असताना एका मोटरीचा आवाज बंद झाला. अशा वेळी चालू मोटरही बंद करून समोर दिसेल तिथे उतरवायचं असतं. डॉक्टरांना हे पाठ होतं, दुसऱ्यांना ते हेच शिकवायचे. पण त्यांचा अंगठा रिमोटवरची वेगाची कांडी पुढेच रेटत राहिला. विमान एका अंगावर कलंडलं, स्वतःभोवती फिरलं आणि गवतात कोसळून दोन कोलांट्या घेत थांबलं.

डॉक्टरांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"उजवी मोटर गेली. तो जोड बघूनच मला शंका आली होती."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग ते गवतातून चालू लागले. डॉक्टर मागून गेले.

उजव्या मोटरीचा पंखा मातीत रुतून तुटला होता. शेवटपर्यंत फिरत असल्याशिवाय तो तसा तुटत नाही. डावीकडचा धड होता. तिथे, मोटरीच्या मागे, तार मोकळी लोंबत होती. चमकणारा जोड खोबणीतून अलगद निघून आला होता. सोल्डर वरच्यावर राहिलं होतं, आत उतरलंच नव्हतं. एवढ्या जाड तारेला डॉक्टरांची बारीक इस्त्री पुरी पडली नव्हती. भाऊसाहेबांचा गोळा जागच्या जागी होता.

डॉक्टरांना वाटलं, हे आत्ताच मोठ्याने सांगावं. मंडळी जवळ येत होती. पण त्यांनी ती तार आत सारली.

भाऊसाहेबांना तारेशी देणंघेणं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसून आपल्या पंखाकडे बघत होते. पंख मधोमध फाटून आतल्या फासळ्या उघड्या पडल्या होत्या. त्यांनी एक उचलली, उलटसुलट केली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग भराभर सगळ्या चाळल्या.

"माझी खूण नाही," ते हळूच म्हणाले. "तपासलेल्या प्रत्येक खोक्यावर मी निळी खूण करायचो. ह्यांच्यावरही केली होती."

त्यांनी मान वर करून डॉक्टरांकडे पाहिलं.

"माझ्या किती ठेवल्यास?"

"एकही नाही."

भाऊसाहेबांनी मान हलवली, गोदामात कोणी मालाचा आकडा सांगितल्यावर हलवावी तशी. मग ते तुकडे गोळा करायला लागले. मंडळींनी विचारपूस केली तेव्हा त्यांनीच सांगितलं की वारा आडवा आला. ताईंनाही तेच सांगितलं. परतीच्या वाटेवर गाडीत मोडका पंख मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर बघत बसले, आणि डॉक्टरांचे कान सबंध रस्ताभर तापलेले होते.

पुढचे काही दिवस डॉक्टरांचं कामात लक्ष लागेना. पेशंट आ करून बसलेला असायचा आणि ह्यांना मध्येच 'हात बसला बरं का माझा' ऐकू यायचं. बायको काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. भाऊसाहेब दुपारचे येईनासे झाले. शेवटी डॉक्टर स्वतःच त्यांच्या घरी गेले.

दार ताईंनी उघडलं. भाऊसाहेब भाजी आणायला गेले होते. ताईंनी चहा टाकला आणि भरभरून बोलत राहिल्या. विमान पडलं तर पडू दे म्हणाल्या, पण तुमच्यामुळे हे माणसांत आले. इतक्यात भाऊसाहेब आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि डॉक्टरांना गॅलरीत घेऊन गेले.

"चुकलं माझं, भाऊसाहेब."

"फासळ्या वाईट होत्या?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. "काही होत्या. काही चालल्या असत्या."

"मग चालणाऱ्या का काढल्यास?"

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला. भाऊसाहेबांनी तिकडे पाहिलंही नाही.

"माझ्याशिवाय कोणाला जमत नाही असं वाटतं मला," डॉक्टर म्हणाले.

"गोदामात पोरांना मी तोंडावर बोलायचो. शिव्याही घालायचो. पण त्यांची पाठ वळल्यावर त्यांनी बांधलेलं खोकं सोडून परत बांधलं नाही कधी." भाऊसाहेबांचा आवाज आज गॅलरीपुरताच होता. "एक सांग. हात बसला म्हणालो तेव्हा मनात हसलास का?"

"हसलो," डॉक्टर म्हणाले. त्यांना वर बघवलं नाही.

"जा आता," भाऊसाहेब म्हणाले. "ताईला काही बोलू नकोस."

त्यानंतर डॉक्टरांनी शेपूट सांधली, डावा पंख दुरुस्त केला. उजव्याला हात लावला नाही. बऱ्याच दिवसांनी एका दुपारी भाऊसाहेब दारात उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. उजव्या पंखाचा आराखडा त्यांना घरी न्यायचा होता. तो सगळा एकाच मोठ्या कागदावर होता. डॉक्टरांनी कात्री घेतली, मधोमध कापून अर्धा कागद दिला. बघायला यायचं नाही, असं भाऊसाहेबांनी बजावलं, आणि डॉक्टर गेले नाहीत.

पंख तयार होऊन आला तेव्हा डॉक्टरांनी तो डोळ्यांसमोर धरला. जरा जड होता आणि टोकाला पीळ पडला होता. छान झालाय, हे शब्द त्यांच्या ओठांवर आले होते.

"टोकाला पीळ आहे," ते म्हणाले. "असाच लावला तर विमान उजवीकडे कलेल."

भाऊसाहेबांच्या नाकपुड्या फुगल्या. मग त्यांनी विचारलं, "काढायचा कसा?"

डॉक्टरांनी तोंडी सांगितलं: लाकूड ओलं करायचं, उलटा पीळ द्यायचा, वजन ठेवून वाळू द्यायचं. भाऊसाहेबांनी केलं. डॉक्टर हाताची घडी घालून खुर्चीत बसले, आणि ते बसणं त्यांना कुठल्याही दाढेपेक्षा अवघड गेलं. पीळ बराचसा निघाला, सगळा नाही.

पुन्हा रविवार, पुन्हा तेच मैदान. उडवण्यापूर्वी डॉक्टर मंडळींसमोर जाऊन उभे राहिले. मागच्या वेळी जोड सुटला तो डावीकडचा, मी केलेला, आणि दोष मी भाऊसाहेबांना दिला, असं त्यांनी सांगून टाकलं.

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ होते, घड्याळं दुरुस्त करणारे. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो डॉक्टर, ते आम्ही तेव्हाच बघितलं होतं. तार आत सारताना दिसलात तुम्ही. म्हटलं, कशाला उगाच बोला."

डॉक्टरांचा चेहरा पडला. म्हणजे मधल्या सगळ्या रविवारी हे लोक त्यांच्याशी हसून बोलत होते, सोल्डरबद्दल सल्ले विचारत होते, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. विमान तिथेच टाकून गाडीत जाऊन बसावंसं त्यांना वाटलं.

"डॉक्टर," भाऊसाहेबांनी पट्टीवरून हाक मारली, मैदानभर ऐकू जाईल अशी. "वारा पडलाय. चल."

डॉक्टर गेले. विमान उडालं. थोडं उजवीकडे कलत होतं. डॉक्टर कांडी डावीकडे दाबून ते सरळ ठेवत होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या भाऊसाहेबांची नजर विमानावर नव्हती, पंखातला उरलेला पीळ सावरणाऱ्या डॉक्टरांच्या अंगठ्यावर होती.