एका पायावरचा माणूस

पंचवटीच्या भाजीबाजारात संध्याकाळी उरलेली मेथी गायी खातात. गायींना कुणी भविष्य सांगत नाही.

तापाने फणफणलेली एक गोरी मुलगी. तिला पेज.

सुमनबाई आहेर चहात साखर घालत नाहीत. पाहुण्यांच्याही.

कुवेतला झाडं नाहीत म्हणे. मग माणसं बसतात कशाखाली?

डोक्यामागे पिवळं तेज असलेला माणूस वाईट कसा असेल?

*

तेजवाला माणूस एका पानावर छापलेला होता.

लंकाबाई पंचवटीत यात्रेकरूंना खोली भाड्याने द्यायची. परदेशातून आलेली ती गोरी मुलगी तिथेच आजारी पडली, पेजेवर बरी झाली आणि जाताना चित्रांच्या पानांचा जोड ठेवून गेली. "टॅरो," म्हणाली. खुणा करून दाखवलं: पिसायची, एक ओढायचं, पुढचं सांगायचं. शिक्षण एवढंच.

बाकीचं लंकाबाईने स्वतःच भरलं. सिंहासनावरची बाई म्हणजे सासू. चंद्रावर भुंकणारं कुत्रं म्हणजे शेजारी जळतात. गल्लीतल्या बाया यायच्या, पदर तोंडाला लावून हसायच्या, कधी रडायच्या.

"लंकाक्का, माझी सासू पानातसुद्धा बसूनच आहे का गं!"

*

एक्याऐंशी साल. धाकटी बहीण साळूबाई अंबडहून आली. तिचा नवरा पुंजा तिथे कारखान्यात फिटर, आणि आता कुवेतला जायचं म्हणत होता.

"अक्का, जाऊ देऊ का त्याला?"

पान निघालं. एका पायाने टांगलेला माणूस, डोकं खाली. लंकाबाईने ते फिरवून सरळ केलं, देवाची तसबीर उलटी दिसली तर आपण करतो तसं. आता तो एका पायावर उभा होता, दुसरा पाय दुमडलेला, डोक्यामागे तेज. असे उभे साधू तिने आदल्याच सिंहस्थात तपोवनात पाहिले होते.

"तप आहे, साळू. तपाला फळ येतं. जाऊ दे."

पुंजा गेला. दोनदा येऊन गेला. मग आला नाही. तिकडे त्याने दुसरं घर केलंय, हे त्याच्याबरोबर कामाला असलेल्या गोटीरामने परत आल्यावर सांगितलं.

साळूबाई भर गल्लीत, लंकाबाईच्या दारात उभी राहून ओरडली, "तुझ्या पानांनी माझा नवरा नेला!"

*

पानांनी? की मी? लंकाबाईला तेवढंच कळायला हवं होतं. चुकलं कोण.

गंगापूर रोडला सुमनबाई आहेर राहायच्या, इंग्रजीच्या निवृत्त बाई. या पानांवरची पुस्तकं त्यांच्याकडे होती, म्हणून लंकाबाई त्यांच्याकडे शिकायला गेली.

"आजवर तुम्ही सांगत होतात ते कशाच्या आधारावर?" सुमनबाईंनी विचारलं.

"समोरच्या बाईच्या तोंडाकडं बघून."

"मग पानं कशाला लागतात?"

"नुसतं तोंडाकडं बघून सांगितलं तर कोण ऐकेल, बाई?"

सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी मुळापासून सुरुवात केली. आधी अर्थ नाही, नुसतं बघायचं. कोणाचं तोंड कुठे, कोणाच्या हातात काय, पाणी कोणत्या पानांत वाहतं. सासू गेली, जळके शेजारी गेले. लंकाबाई बिनसाखरेचा चहा प्यायला शिकली.

मग टांगलेला माणूस आला. सवयीने तिने तो फिरवला.

सुमनबाईंनी पान पुन्हा होतं तसं ठेवलं. "हा असाच असतो. याचा अर्थ, थांबा. आत्ता पाऊल टाकू नका."

"आणि फिरवला तर?"

"तर तो तुम्ही फिरवलात."

*

साळूबाई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"साळू, पान थांब म्हणत होतं. मी ते फिरवलं."

"शिकून आलीस होय? रोगी मेल्यावर वैद्यकी?"

"मला झोप लागत नाय गं."

"मला लागते वाटतं? बस. मांड आता. शिकलीस ना? येईल का तो, एवढं सांग."

"साळू, नको."

"मांड म्हणते ना!"

लंकाबाईने पिसून एक ओढलं. लाल काळीज, त्यात आरपार तीन तलवारी. पूर्वीची लंकाबाई म्हणाली असती: या तीन सुया, फाटलेलं शिवलं जाईल. पूर्वीच्या लंकाबाईने समोरच्या तोंडाकडे पाहिलं असतं. हिने पानाकडे पाहिलं.

"नाही येणार."

साळूबाईने पिठाच्या हाताने पान उचललं, उलटं धरलं, पुन्हा सुलटं धरलं. तलवारी तेवढ्याच राहिल्या.

"अडाणी होतीस तेव्हा बरी होतीस," ती म्हणाली. "ऊठ आता. तवा तापलाय."

*

त्यानंतर लंकाबाई पुस्तकाप्रमाणे बरोबर सांगू लागली. बाया येईनाशा झाल्या. बहिणी एकमेकींच्या दारात पुन्हा गेल्या नाहीत. कुणी पुंजाचा विषय काढला की लंकाबाई हात पुढे करून मनगट वळवून दाखवायची: असं, असं फिरवलं मी.

*

पुंजाने अंबडच्या कारखान्यातली नोकरी सोडली ती साळूबाई पान ओढायला आली त्याच्या आदल्या आठवड्यात, आणि नोकरी सोडली त्याच संध्याकाळी साळूबाईने शेजारीपाजारी कुवेतचे पेढे वाटले होते.