मुद्दा तिसरा

तिने पेनचं टोपण दातांनी काढलं, कारण दुसऱ्या हातात फोन होता.

"ताई, उगाच कशाला कोर्टाच्या पायऱ्या चढताय?" वसुलीवाल्याचा आवाज आज गोड होता. "आज थोडे भरा, केस आम्ही मागे घेतो. शब्द देतो."

"लेखी द्या."

"आपल्या माणसांत लेखी कशाला?"

तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. खिडकीमागच्या कारकुनाला सगळं ऐकू गेलं होतं.

"बाई, फोनवर लग्नं मोडतात, खटले नाहीत," तो शिक्का पुसत म्हणाला. "लेखी म्हणणं आजच दाखल झालं पाहिजे. साडेचारला खिडकी बंद. मग एकतर्फी निकाल आणि पगारावर जप्ती. प्रत्येक मुद्द्यापुढे मान्य की अमान्य लिहा, खाली सही करा."

चार वाजून आठ मिनिटं झाली होती.

बाकावर बाबा बसले होते, मांड्यांवर दोन्ही पंजे पालथे ठेवून. समन्स घरी आल्याला आज तीस दिवस झाले होते. तिला ते सकाळी सापडलं, औषधांच्या खणात अंथरलेल्या कागदाखाली. "सांगायचं राहून गेलं," एवढंच बाबा म्हणाले आणि चपला घालून तिच्यामागे निघाले. आपण असं कर्ज कधी काढलेलंच नाही, नावात काहीतरी घोळ झालाय, अशी तिची खात्री होती.

ती त्यांच्या शेजारी बसली. मुद्दा पहिला, नाव. मान्य. दुसरा, पत्ता. मान्य. तिसरा, करारावरची सही प्रतिवादीचीच आहे. तिने मागचं पान उलटलं.

सही तिचीच वाटत होती. वळणं बरोबर, लांबीही बरोबर. मग तिची नजर शेजारच्या तारखेवर गेली. इंग्रजी सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ होती, एक आणि सात यांची गल्लत होऊ नये म्हणून मारलेली. घरात ती सवय एकाच माणसाला होती.

पेनचं टोक कागदावर तसंच टेकून राहिलं. शाईचा ठिपका पसरायला लागला, तेव्हा तिने ते उचललं.

"बाबा, आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनचे पैसे फंडातून आले होते ना?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परत लावला.

"फंड आधीच तुझ्या भावाच्या दुकानात गेला होता. आणि माझ्या वयाला कर्जासाठी दारात तरी कोण उभं करतं, चिमणे? हप्ते भरत होतो मी. शेवटचे सहा नाही जमले."

"मला विचारायचंत."

"तू हो म्हणाली असतीस."

आई आता जिना चढून गच्चीवर कपडे वाळत घालते. ती तिथूनच खाली हाक मारते, विनाकारण, केवळ वर पोचल्याच्या आनंदात.

खिडकीवर कारकुनाने फायलींचा गठ्ठा आवळला. चार वाजून एकोणीस.

तिने तिसऱ्या मुद्द्यापुढे लिहिलं, मान्य. अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नवल वाटलं.

"पगारातून जाईल," ती म्हणाली. "चला."

"दाखव."

बाबांनी कागद मांडीवर घेतला. औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं नोंदी ठेवल्या होत्या. आता तशाच एका प्रयोगशाळेत ती ठेवत होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं, की चुकलेलं गिरवून झाकायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी आपली सही आणि तारीख.

"पेन दे."

"बाबा, नको. दहा मिनिटं राहिलीत."

"पुष्कळ झाली."

त्यांनी तिच्या 'मान्य'वर एक रेघ ओढली, पट्टी लावल्यासारखी. वर लिहिलं, अमान्य. शेजारी स्वतःची सही केली, खाली तारीख घातली. आज सतरा होती. सातच्या मधोमध रेघ मारून त्यांनी पेन तिला परत दिलं.

तिने सगळ्यात खाली आपली सही केली. ही सही तिचीच होती.

कारकुनाने कागद वरून खाली वाचला आणि तिसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

"ही खाडाखोड कुणाची?"

तिने तोंड उघडलं, पण बाबा तिच्या पुढे होऊन खिडकीशी वाकले होते.

"ही माझी," ते म्हणाले. "आणि करारावरची सहीही."

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं, मग बाबांकडे. त्याने शिक्का उचलून शाईची डबी पुढे ओढली.