साखराबाईचा अर्धा कोयता

साखराबाईने जावयाला आपल्या पोरीला विहिरीत ढकलताना पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी, भर दुपारी.

आखितीच्या सणाला धनश्रीला माहेरी आणायचं म्हणून ती जावयाच्या वस्तीवर निघाली होती. बांधावर पोचली तेव्हा जीवन बायकोला केसांना धरून विहिरीकडं ओढत होता. साखराबाईच्या तोंडातून आवाज फुटेपर्यंत त्याने तिला आत लोटली आणि काठावर उभा राहून बघत राहिला. धनश्रीचा गुन्हा काय, तर औंदा उसाला येणार न्हाई म्हणाली. पोटात पोर होतं. जीवनने मात्र मुकादमाला आधीच शब्द देऊन ठेवला होता.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी कुत्रं विचारत नाही. जीवनने विहिरीत ढकलली ती बायको, आणि अर्धा कोयता झाल्याचं त्याच्या ध्यानात आलं नंतर.

पोलिसांनी त्याला उचलला, खुनाचा गुन्हा लागला. बघणारी एकटी साखराबाई, म्हणून साक्षीदारही तीच. मग खटला कोर्टात गेला आणि तिथंच पडला. कोर्टात जजच नव्हता. आधीचा बदलून गेलेला, नवा कुणी दिलेला नाही. दुसऱ्या तालुक्याचा जज आठवड्यातून एकदा यायचा, सगळ्यांना पुढच्या तारखा वाटायचा आणि जेवायच्या वेळेला परत जायचा. खटला कधी उभा राहील याची खात्री नाही, आरोपीला किती दिवस आत ठेवायचं, असं म्हणून जीवनला जामीन दिला. सरकारने जज नेमला नाही, त्याचं बक्षीस खुन्याला. जिल्हा सोडायचा नाही अशी अट घातली होती. ती कोण बघणार होतं?

दसऱ्याच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या जमायला लागल्या. मुकादम बबनराव हा जीवनचा सख्खा चुलता. तो साखराबाईच्या दारात आला. तीही रांडमुंड, म्हणजे अर्धा कोयताच. दोन अर्धे मिळून एक करू, म्हणाला. सांगताना त्याला लाज वाटली नाही, तंबाखू मळत सांगितलं. गावाला वाटलं, म्हातारी याच्या तोंडावर थुंकणार.

ती जायला तयार झाली.

भावजय विमलबाई चवताळली. लेकीच्या मढ्यावर भाकरी भाजतीस का, असं चारचौघात बोलली. साखराबाई शांतपणे म्हणाली, "कर्नाटकात उसाला गेलेली किती माणसं माघारी आलीच न्हाईत. ह्यो तिकडंच ऱ्हायला तर उद्या जज आल्यावर कुणाला उभं करू? माझ्या नजरंखाली ऱ्हाऊ दे."

पोलिसांनी करायचं काम तिने अंगावर घेतलं. साधा हिशेब होता तिचा: हंगाम संपला की त्याला धरून परत आणायचा, आणि पुढच्या हंगामाला पुन्हा संगं जायचं. जज येईपर्यंत.

तीन हंगाम ती त्याच्यासोबत एका कोपीत, पाचटाच्या खोपटात राहिली. मध्ये फाटकी साडी बांधलेली. ती पहाटे भाकरी थापायची, तो खायचा. तो तोडायचा, ती मोळी उचलायची. पिऊन आला की म्हणायचा, "मामी, तुमची मोळी धनश्रीपेक्षा घट्ट बसती बगा." आणि हसायचा. टोळीतली माणसंही हसायची. कोयता तिच्याही हातात असायचा आणि दिवसभर त्याची वाकलेली मान समोर. एका घावाचं काम होतं. तिने केलं नाही. गावातले शहाणे आता म्हणतात, तवाच कावून न्हाई तोडला? शहाण्यांना बोलायला काय जातं. तिला तो कोर्टात उभा राहिलेला बघायचा होता, आणि न्यायाधीशाच्या तोंडून ऐकायचं होतं की यानं मारली.

दर उन्हाळ्यात ती कोर्टात जायची. अजिनाथ शिपाई दुरूनच हात हलवायचा. जज न्हाई मावशी, पावसाळ्यात बगा.

मग मुंबईत कायदा झाला. जजांच्या जागा वाढवायच्या, जुने खटले भराभर काढायचे. पुढाऱ्यांनी मोंढ्याच्या बाजारात पेढे वाटले, बॅनर लागले, बॅनरवर न्यायदेवतेपेक्षा पुढाऱ्याचं तोंड मोठं. पण जज आला, हे खरं. तरणा, इस्त्रीच्या कपड्यातला, कामाला वाघ. सकाळी बसला की उठायचा नाही. साखराबाईने बॅनरला हात जोडले.

तिची साक्ष निघाली. सरकारी वकिलाच्या हातात कागद त्याच सकाळी पडलेले. त्याने प्रश्न विचारत विहिरीपर्यंतची हकीकत तिच्याकडून काढली आणि खाली बसला. मग जीवनचे वकील मोहनराव उठले. विहिरीबद्दल एक शब्द विचारला नाही.

"बाई, मुलगी गेल्यावर तुम्ही आरोपीबरोबर ऊसतोडीला गेला होता?"

"व्हय."

"एकाच कोपीत राहत होता?"

"व्हय, पर…"

"त्याला रोज जेवायला कोण वाढायचं?"

"मीच की."

"तीन वर्षं?"

"त्यो पळून जाऊ नी म्हनून…"

"हो का नाही, तेवढंच सांगा."

"व्हय."

मोहनराव हसत खाली बसले. जजने टायपिस्टाकडचं तोंड वळवून पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. आवाज चढवला नाही. माणूस वाईट नव्हता, पण कोयता म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं आणि विचारायला वेळ नव्हता. म्हणाला, "आजी, डोळ्यांदेखत मुलीला मारलं म्हणता. मग त्याच माणसाबरोबर राहिलात कशा?"

साखराबाई म्हणाली, "सायेब, तुमी आला न्हवता म्हनून."

कोर्टात कुणीतरी खुदकन हसलं. जजने टायपिस्टाला सांगितलं, साक्षीदाराला समाधानकारक खुलासा देता आला नाही. पुढचा पुकारा झाला.

निकालात लिहिलं होतं की आईचं हे वागणं नैसर्गिक वाटत नाही, तिच्या एकटीच्या शब्दावर शिक्षा देणं धोक्याचं आहे. जीवन निर्दोष सुटला. त्या महिन्यात कोर्टाने किती जुने खटले निकाली काढले याची बातमी पेपरात आली, कायद्याचं कौतुक झालं. साखराबाईची पोर त्या आकड्यात आहे. निकाली निघाली.

दसऱ्याच्या आधी जीवनचं लग्न झालं. घाटनांदूरकडची पोर, मनिषा नावाची, अंगाने काटकुळी. तिच्या बापाने केसबद्दल विचारलं होतं म्हणे. बबनरावाने निकालाची नक्कल दाखवली.

टोळी निघायच्या दिवशी साखराबाई ट्रकापाशी गेली. बबनराव वरूनच म्हणाला, औंदा तुझी गरज न्हाई, पोराचा कोयता पुरा झाला. ती त्याच्याशी बोललीच नाही. भांड्यांचं गाठोडं घेऊन उभ्या असलेल्या मनिषाला तिने बाजूला ओढलं आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं. केसांना धरून ओढणं, विहीर, काठावर उभं राहून बघणं. हात धरून म्हणाली, "जाऊ नको लेकी. बापाकडं जा."

पोरीने ऐकून घेतलं. हात सोडवला नाही.

"मावशी, कोर्टानं सोडलंय की त्येंला," ती म्हणाली. "आन् तुमी सवता तीन हंगाम त्येंच्या कोपीत ऱ्हायला. त्यो तसला असता तर तुमी ऱ्हायला असता का?"

साखराबाईने तोंड उघडलं. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला होता.

जीवनने वरून हात दिला. मनिषाने तो धरला आणि चढली.