समासातल्या बाई

मी एक कादंबरी बोलतेय. प्रेमाची. मुरडलंत ना नाक? मुरडा खुशाल. नाक मुरडणारेच मला वर्तमानपत्राचं कव्हर घालून घरी न्यायचे, हे मी उभा जन्म पाहिलंय.

माझा जन्म पुण्याच्या एका छापखान्यात झाला. मुखपृष्ठावर एक गोरीपान मुलगी, आणि तिचा पदर असा उडालेला की गावातला सगळा वारा तिनं एकटीनंच राखून ठेवला असावा. आत विक्रांत आणि शलाका. दोघांचं जमतं, मग गैरसमज होतो, मग दीडशे पानं दोघं आपापल्या गॅलरीत उभे राहून उसासे टाकतात. शेवटच्या पानावर मिलन. झालं, एवढीच मी.

तिथून मी आले लातूरला. लातूर तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. पिठाच्या गिरणीपासून कटिंगच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी पाटीवर 'जिल्हा' रंगवून घेतलं होतं. मन्मथप्पांनी तर आपल्या एका खोलीच्या वाचनालयाला 'जिल्हास्तरीय' करून टाकलं. पुस्तकं मात्र होती तेवढीच राहिली. जिल्हा झाला म्हणून पाऊसही काही आला नाही. नळ आठ-आठ दिवस कोरडे असायचे, आणि टँकरचा आवाज आला की अख्खी गल्ली घागरी घेऊन पळायची.

मला पहिल्यांदा नेलं ते बसम्मानं. वय साठीचं, कपाळाला विभूती, गुडघे धरलेले.

"शेजारच्या मास्तरणीला पायजे," ती मन्मथप्पांना म्हणाली. "माझं नाव कुठं काढू नको बरं."

कसली मास्तरीण आणि कसलं काय! घरी नेऊन तिनं मला पोथीच्या फडक्यात गुंडाळलं. सून टँकरच्या रांगेत गेली की हिचा चष्मा नाकावर. एवढी रंगून पोथी वाचणारी म्हातारी गल्लीत दुसरी नव्हती.

बरं, गप वाचेल तर ती बसम्मा कसली! पेन्सिल घेऊन माझ्या समासात भांडायची. शलाका तासभर टबात डुंबते, तिथं लिहिलं, 'ते पानी झाडाला तरी घाल गं माय.' विक्रांत तिच्या आठवणीत जेवत नाही, तिथं लिहिलं, 'नगं जेऊ. भाकरी वाचली.' मला राग यायचा. पण खरं सांगू? इतकं मन लावून मला दुसऱ्या कुणी वाचलंच नव्हतं.

शुक्रवारी बसम्मानं मला परत केलं आणि शनिवारी महानंदा घेऊन गेली. महानंदा कोण? बसम्माची सून! "घरी सांगू नका हं," तीही म्हणाली. मन्मथप्पा भला माणूस. त्यांनी दोघींचंही नाव काढलं नाही. एका घरातून निघून, वाचनालयाला वळसा घालून मी परत त्याच घरात आले.

महानंदा मला रिकाम्या घागरीत घालून टँकरच्या रांगेत न्यायची. बसम्माचे शेरे वाचून ती एवढी हसली की पुढची बाई वळून बघायला लागली. पानांवर पांढरा चुरा दिसला. मन्मथप्पा म्हणाले होते, ही कादंबरी एक मास्तरीण नेते. म्हणजे हा खडूच! तिनं मनातल्या मनात त्या अनोळखी मास्तरणीला 'बाई' म्हणायला सुरुवात केली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं वेडे, तो खडू नाही, विभूती आहे! पण कादंबरीला तोंड नसतं.

विक्रांत परगावी राहून झुरतो, त्या पानावर बसम्मानं लिहिलं होतं, 'झुरतो कशाला? यष्टीत बसावं आन यावं की!' महानंदानं खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बाई, सगळ्यांना असं जाता-येता येत नाही. माझे यजमान नोकरीला परगावी आहेत. लग्नाला दोन वर्षं झाली, सगळं मिळून महिनाभर सोबत राहिलो असू. सासूबाई पाठवत नाहीत.'

वाचनालयातून मी पुन्हा बसम्माकडे आले. तिनं ते वाचलं आणि भडकली. पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून लिहिलं, 'तुझी सासू दगडाची हाय का? पोरीची जवानी घागरीत भरून ठिवनार हाय का ती?'

तुम्ही म्हणाल, अक्षर कसं नाही ओळखलं? नांदेडला मास्तर असलेल्या मुलाला, सिद्धरामला, पत्रं जायची ती सुनेच्या हातची. सासू नुसती बसून सांगायची, चष्मा न लावता. आणि सासू स्वतः लिहिते, हे तर घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठवड्यानं महानंदाचं उत्तर आलं. 'बाई, तसं म्हणू नका. त्या वाईट नाहीत. परवा पायावर भरली घागर पडली, तर स्वतःचे गुडघे दुखत असताना खाली बसून त्यांनी मला हळद-चुना लावला. फक्त "पाणी येऊ दे, मग जा" म्हणतात. आणि पत्र सांगतात तेव्हा "सून मजेत आहे" हे मलाच लिहावं लागतं.'

बसम्मानं ते एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग मला मांडीवरच पोथीच्या फडक्यात झाकलं. तेवढ्यात दारातून महानंदा आली, काखेत घागर, लंगडत. अंगठा अजून पिवळाच होता. बसम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाय दुखतोय का गं?"

"न्हाई, आत्याबाई."

"खोटं बोलू नको," बसम्मा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेच्या हातात एक कार्ड दिलं. "पेटीत टाक."

"तुमी लिवलं?"

"मग काय तुझ्या मामंजीनं येऊन लिवलं? जा!"

पेटीजवळ महानंदानं कार्ड वाचलं. बसम्मानं मला सकाळीच वाचनालयात परत केलं होतं, आणि तेव्हा मी महानंदाच्या घागरीतच होते. 'सिद्धराम, सून मजेत न्हाई. येऊन घिऊन जा. पान्याचं माझं मी बगते.' तीच दाबून लिहिलेली वाकडी अक्षरं, कोपऱ्यावर तोच पांढरा चुरा. पोरगी भर रस्त्यात रडली, आणि रडता रडता हसली. घरी येऊन मात्र कुणी कुणाला चकार शब्द बोललं नाही. माझे विक्रांत-शलाका असते तर चाळीस पानं बोलले असते.

सिद्धराम आला. निघताना महानंदानं मला पुढं केलं. "आत्याबाई, ही मन्मथप्पांची. तेवढी परत करा."

"मला काय करायचंय असल्या कादंबऱ्यांशी?" बसम्मा म्हणाली, आणि दोन्ही हातांनी मला घेतलं.

ती रोज अर्धी घागर उचलून आणायची, थांबत थांबत. मला तिनं परत केलंच नाही. मन्मथप्पांनी दोनदा निरोप धाडला, मग नाद सोडला. आता बसम्मा नाही. मी अजून त्याच फडक्यात, पोथीला टेकून आहे. मुखपृष्ठ गेलं, कडा वाळवीनं खाल्ल्या. सुट्टीत महानंदा येते, फडकं सोडते, धूळ झटकते. एवढंच मागणं आहे, मला रद्दीत घालू नका. विक्रांत-शलाकासाठी नव्हे, त्यांचं काय एवढं! माझ्या शेवटच्या पानासाठी.

तिथं ते दोघं एकदाचे भेटतात. खाली महानंदानं निघायच्या दिवशी लिहिलंय, 'बाई, माझी सासू दगडाची नाही. तेवढं तिला सांगा.'

त्याच्याही खाली, दाबून लिहिलेल्या वाकड्या अक्षरात, एकच शब्द आहे.

'सांगितलं.'