काचेच्या टाकीतली बैलजोडी

माती ओळखण्यात माझी तीस वर्षं गेली. धारवाडला माती तपासायच्या सरकारी नोकरीतून रिटायर झालो. तरी दोन फुटी काचेच्या टाकीत एक पाणरोप काही मला जगवता येईना.

टाकी माझ्या मुलीची, उत्तराची. मला न विचारता लोकेशशी लग्न करून ती पुण्याला गेली, टाकी मासे-रोपासकट इथंच राहिली. दर रविवारी तिचा फोन यायचा. आईशी अर्धा तास, माझ्याशी एकच वाक्य. "अप्पा, रोप कसं आहे?"

"बरं आहे," मी म्हणायचो. रोप पहिल्याच महिन्यात मेलं होतं. हे तिला कळलं तर एवढं बोलणंही बंद होईल, अशी मला भीती वाटायची. दोन वर्षं वाटली.

कोप्पीकर रोडवरचा मासेवाला म्हणाला, खाली थोडी माती, वर धुतलेली जाड वाळू. त्याला काय कळतंय? मी हुबळीकडची अस्सल काळी माती घातली. तीन दिवस मासे दिसले नाहीत. मग रायापूरची तांबडी. पाण्याचा चहा झाला, रोप सुटून वर आलं. मग नुसती खडी. त्यात रोप उभं राहिलं आणि उभ्या उभ्या कुजलं. उत्तराचं धरून चार गेली.

मण्णेत्तिन अमावास्येला बायकोनं, हेमावतीनं, दरवर्षीसारखे काळ्या मातीचे बैल करून पुजले. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला विहीर शोधायची सोडून बाईंनी ते टाकीच्या तळाशी ठेवले, वर चार बोटं वाळू घातली आणि पाचवं रोप रोवलं. "विसर्जनही झालं की," म्हणाली. मी शास्त्र सांगितलं. तिनं ऐकलं नाही. तीन आठवड्यांत नवीन पान फुटलं. मी चार दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

नागपंचमीला उत्तरा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली. चपला काढल्या आणि थेट टाकीपाशी गेली. वाळूतून एक शिंग वर आलं होतं.

"हे तुझं रोप नव्हे," मी म्हणालो. "तुझं तेव्हाच मेलं."

"ठाऊक आहे. आईनं त्याच आठवड्यात सांगितलं."

"मग दर रविवारी विचारत का होतीस?"

"दुसरं काय विचारलं असतं तर तुम्ही बोलला असता, अप्पा?"

मी म्हटलं, शिंग दिसतंय, वरून वाळू घाल थोडी. ती बाह्या सरसावून घालायला लागली.