दोन सवतींचा डबा

"चुरा माझ्या सर्किट बोर्डावर पडता कामा नये," मान वर न करता रिंक म्हणाला.

हिस्केने केकचा ट्रे टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपटला. वाढदिवस तिचा, म्हणून केकही तिनेच आणलेला. संत्र्याच्या सालीचा, वर गुलाबी साखरेचा थर. त्यांच्या फ्रीजलंड प्रांतात अभिनंदन नुसतं त्या माणसाचं करून भागत नाही, खोलीत जो कोणी असेल त्याचंही करावं लागतं. रिंक रीत सोडणाऱ्यातला नव्हता. तो उठला, हिस्केला वळसा घालून योरितकडे, म्हणजे गिऱ्हाइकाकडे गेला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "हिस्केच्या वाढदिवसाबद्दल अभिनंदन." मग परत येऊन बसला. बिचारा योरित दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला.

नवरा-बायको म्हणून दोघांचं फाटलं त्याला तीन वर्षं झाली होती. धंदा मात्र फाडता आला नाही. कॉम्प्युटरला जोडायचे ऑसिलोस्कोप, म्हणजे तारेतली धावती वीज पडद्यावर रेघ काढून दाखवणारे डबे, दोघं अजून एकाच छपराखाली बनवत आणि एकमेकांना पाण्यात पाहत.

योरितची कंपनी गाई दोहणारे रोबो बनवी. एखादा रोबो मधेच थिजे, गाय आत अडकून हंबरत बसे आणि शेतकरी योरितच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. संशय कॅमेऱ्याच्या केबलवर होता. दुरुस्तीच्या सगळ्या गाड्यांसाठी कुठला डबा घ्यायचा, ते आज ठरायचं होतं. एकच भन्नाट वेगाची चिप घालावी तर ती किंमत योरितला झेपणारी नव्हती. राहिले दोन डबे, एक रिंकचा आणि एक हिस्केचा. जो डबा हरेल तो बनवणं कायमचं बंद, असं दोघांनी वकिलासमोर कबूल केलं होतं. रिंकने सगळी उमर त्या एका डब्यात घातली होती.

त्याची तऱ्हा जुनी. तारेतून विजेचा तोच सिग्नल पुन्हा पुन्हा येतो ना, मग दर खेपेला त्याचा एकच ठिपका टिपायचा, पुढच्या खेपेला जरा पुढचा, आणि असे हजारो ठिपके जोडून चित्र काढायचं. रोज दारावरून जाणाऱ्या माणसाचं आज नाक पाहावं, उद्या कान, तसं. हिस्केच्या डब्यात दोन साध्या चिपा पाळीपाळीने ठिपके टिपत, म्हणून एकाच खेपेत अख्खं चित्र हाती येई. पण दोघींचं माप केसभर जरी चुकलं तरी रेघेवर नसलेली थरथर उमटे. रिंक त्यांना सवती म्हणे.

योरितने आणलेल्या कॅमेऱ्याची केबल दोन्ही डब्यांना जोडली. रिंकच्या पडद्यावर सुरेख, गुळगुळीत रेघ आली. हिस्केची रेघ थरथरत होती.

"सवतींची भांडणं सुरू झाली बघा," रिंक योरितला म्हणाला. "नसलेली भुतं दाखवतो हा डबा."

हिस्केने केकचा एक काप घेतला. योरितला कॉफी द्यायला ती त्याला घेऊन आत गेली.

आणि तेवढ्यात ते झालं. हिस्केच्या पडद्यावर रेघेची एक उडी अर्ध्यातच मोडली. डोळ्याचं पातं लवायच्या आत पुसलीही गेली. दिसलेलं साठवून ठेवायची सोय तिच्या डब्यात अजून व्हायची होती. रिंकने घाईने आपल्या पडद्याकडे पाहिलं. तिथे रेघ होती तशीच, गुळगुळीत. रोबो कशाने थिजतो ते आता जगात एकट्या रिंकला माहीत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं.

योरित केक चघळतच बाहेर आला. म्हणाला, रिंकच्या रेघेवर भरवसा वाटतो, तोच डबा घेऊ.

"ती रेघ रोजचं तेवढंच दाखवते," हिस्के म्हणाली. "एकदाच काही बिघडलं तर तिला पत्ताही लागत नाही."

"हिचा जळफळाट चालायचाच," रिंक म्हणाला.

हिस्के त्याच्याकडे वळली. "तूही तसलाच. रोज कुरकुरायचे तेव्हा मान हलवायचास. मी जाते असं एकदाच म्हणाले, तर तुला ऐकूच आलं नाही."

परक्या माणसासमोर तिने हे काढावं याचा रिंकला संताप आला. आणि ते खरं होतं याचा त्याहून जास्त आला.

"दिसलं मला," तो म्हणाला.

"काय?"

"मोडलेली उडी. तुम्ही आत होतात तेव्हा. हिच्या पडद्यावर. माझ्या पडद्यावर काही नाही."

योरितने शंका काढली, ते भूत तर नसेल?

"सवतींची भांडणं ठरल्या तालावर होतात. हे एकदाच आलं. केबल बदला तुमची, आणि डबा हिचा घ्या."

हिस्केने हळूच विचारलं, "आम्ही बाहेर आल्या आल्या का नाही सांगितलंस?"

"वाढदिवसाची भेट समजू नकोस."

त्याने आपल्या डब्याची पिन काढली. ती सुरेख रेघ गेली. तार नेहमीसारखी कोपराभोवती गुंडाळून त्याने डबा फळीवर ठेवला, खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि हिस्केच्या स्टुलापाशी येऊन उभा राहिला.

"सरक. त्या दोघींना सारखं करू दे मला. अशी थरथरती वस्तू गिऱ्हाइकाला द्यायची?"

हिस्के सरकली. रेघ जराजराशी शांत होत गेली. केकचा एक तुकडा बशीत घालून तिने त्याच्या कोपराशी ठेवला. रिंकने ती बशी दूर ढकलली, चुरा तिच्या बोर्डावर पडू नये म्हणून.